नळाला धनी हवा



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं सगळं आयुष्य सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात गेलं. त्यामुळे विषय निवडायला मला फार वेळ लागला नाही. सभागृहात डॉक्टरांपेक्षा इतर मंडळी जास्त दिसतात, याचं मला बरं वाटतं. आज जे सांगायचं आहे ते वॉर्डातल्या डॉक्टरांइतकंच प्लंबरनं, वास्तुरचनाकारानं, पालिकेच्या अभियंत्यानं आणि रुग्णालयाच्या विश्वस्तांनी ऐकावं असं आहे. रुग्णालयात औषधाच्या प्रत्येक बाटलीची नोंद असते, ऑक्सिजनचा हिशेब असतो, रक्ताच्या पिशवीवर क्रमांक असतो. पाण्याला मात्र कोणी धनी नसतो. तो नेमला जात नाही तोवर रुग्णालयाच्या पाण्यातून होणारे संसर्ग थांबायचे नाहीत, हे माझं आजचं म्हणणं आहे.

पाण्याचे आजार म्हटलं की आपल्याला गॅस्ट्रो, कावीळ, कॉलरा आठवतात. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, हेच आजार डोळ्यांपुढे ठेवून बनलेलं आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडता कामा नये, हा त्यातला निकष घरातल्या धडधाकट माणसासाठी अगदी योग्य आहे. आयसीयूतल्या माणसापर्यंत पाणी वेगळ्या वाटांनी पोचतं. नेब्युलायझरचा कप नळाखाली विसळला की त्यात राहिलेले थेंब पुढच्या वेळी वाफाऱ्याबरोबर थेट फुप्फुसात जातात. अंग पुसताना ओला स्पंज मानेतल्या सेंट्रल लाइनच्या, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीच्या, ड्रेसिंगला लागतो. भाजलेल्या रुग्णाची जखम धुतली जाते. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या अंगात पांढऱ्या पेशी उरलेल्या नसतात आणि ते बाथरूममध्ये शॉवरखाली उभं असतं. अशा वेळी घात करणारे जंतू निराळे असतात. स्युडोमोनास, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, लिजिओनेला, क्षयाच्या जंतूचे काही भाऊबंद. हे आपल्या घरच्या नळातही असू शकतात आणि आपलं काही बिघडवत नाहीत. प्रयोगशाळेचा कागद ‘पाणी पिण्यास योग्य’ असं सांगतो तेव्हा या जंतूंबद्दल तो काहीच सांगत नसतो.

हे जंतू पाण्यात सुटे पोहत फारसे राहत नाहीत. पाइपच्या आतल्या भिंतीला ते चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. नदीच्या घाटावर ज्या पायरीवरून पाय घसरतो, तिच्यावरचा थर आठवा. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आत क्लोरिन नीट पोचत नाही. वरून मात्र अधूनमधून तुकडे सुटतात आणि पाण्याबरोबर बाहेर पडतात. म्हणून आज घेतलेला नमुना स्वच्छ आला तरी उद्याच्या पाण्याची हमी देता येत नाही.

बेलफास्टची हकीगत जरा सविस्तर सांगते, कारण या विषयातलं जवळजवळ सगळं शिक्षण तिच्यात आहे. डिसेंबर २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या ऑल्टनागेल्विन रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, स्युडोमोनासच्या संसर्गानं एक बाळ दगावलं. जानेवारी २०१२ मध्ये बेलफास्टच्या रॉयल ज्युबिली प्रसूती रुग्णालयात तीन बाळं गेली. प्राध्यापक पॅट ट्रूप यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. हात धुण्याचे नळ उघडून, सुटे करून तपासले गेले, आणि दोषी सापडला तो नळाच्या तोंडाशी बसवलेला एक छोटा भाग. पाण्याची धार फुटू नये, सरळ आणि मऊ पडावी म्हणून तिथे प्लास्टिकची जाळी बसवलेली असते. तिला बारीक बारीक खाचा असतात. त्या खाचांत थर साचला होता आणि स्युडोमोनासची सर्वांत दाट वस्ती तिथे होती.

त्या नळाची रचना नीट पाहिली तर त्यातला प्रत्येक भाग चांगल्या हेतूनं आलेला आहे. हात भाजू नयेत म्हणून गरम आणि गार पाणी नळातच मिसळायची सोय. शिंतोडे उडू नयेत म्हणून जाळी. आणि डॉक्टर-सिस्टरांनी हात वारंवार धुवावेत म्हणून जागोजागी बेसिन. पण मिसळलेलं पाणी कोमट असतं आणि कोमट पाणी जंतूंना मानवतं. जाळी त्यांना घर देते. बेसिनं गरजेपेक्षा जास्त झाली की काही नळ दिवसचे दिवस उघडले जात नाहीत आणि त्यांतलं पाणी जागच्या जागी मुरतं. त्यात भर अशी, की ज्यांच्यासाठी हे सगळं, ती बाळं एक-दीड किलोची. त्यांची कातडी कागदासारखी पातळ. दुपटं बदलताना नळाच्या पाण्यात बुडवलेला कापूस अंगाला लागला, किंवा गोठवलेलं आईचं दूध नळाच्या पाण्यात बाटली ठेवून वितळवलं, एवढंही पुरतं. त्यानंतर तिथे अशा बाळांना पुसायलासुद्धा निर्जंतुक पाणीच वापरण्याची सूचना निघाली.

या प्रकरणातून पुढे आलेला एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं मार्च २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की स्युडोमोनास प्रामुख्यानं नळाआधीच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये सापडतो. म्हणजे गच्चीवरच्या टाकीत पाहाल तर पाणी चांगलं, आणि खाटेजवळच्या नळात जंतू. आता आपल्याकडे नमुना कसा घेतात ते पाहा. नळाची तोटी ज्योतीनं तापवायची, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग बाटली भरायची. नळापर्यंत आलेलं पाणी कसं आहे हे कळायला ही रीत बरोबर आहे. पण स्युडोमोनास शोधायचा असेल तर याच रीतीनं आपण पुरावा जाळतो आणि मोरीत सोडून देतो. तिथे सकाळी कोणी नळ उघडण्याआधी, काहीही न पुसता, पहिल्या धारेचं पाणी घ्यावं लागतं. आपल्या रुग्णालयांत पाण्याचा नमुना बहुधा देखभाल विभागाचा माणूस आणतो. त्याला हा फरक कोणी सांगितलेला नसतो, आणि तो सांगायचा कोणी हेही ठरलेलं नसतं.

आपल्याकडच्या बाळांचं काय, तर दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा मोठा अभ्यास झाला. त्यात रक्तात सापडलेल्या जंतूंत अ‍ॅसिनेटोबॅक्टर पहिल्या आणि क्लेबसिएला दुसऱ्या क्रमांकावर होते. हे जंतू पाण्यातूनच आले असं त्या अभ्यासानं म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. ते हातांवरून, उपकरणांवरून, आईकडूनही येऊ शकतात. पण हे ओलाव्यात तग धरणारे जंतू आहेत. एनआयसीयूत त्यांचा मूळ ठिकाणा शोधायचा तर नळ, मोरी आणि ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली इथून सुरुवात व्हायला हवी. या बाटलीबद्दल जाता जाता एवढंच सांगते की तिच्यात निर्जंतुक पाणी घालायचं, जुन्या पाण्यावर नवं ओतायचं नाही, आणि एका रुग्णाची बाटली न धुता, न निर्जंतुक करता दुसऱ्याला लावायची नाही. याला पैसे जवळजवळ लागतच नाहीत.

चांगल्या हेतूनं आलेल्या नळाचं आणखी एक उदाहरण. हात न लावता सुरू होणारे सेन्सरचे नळ रुग्णालयांनी स्वच्छतेसाठीच घेतले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयानं २०११ मध्ये आपल्याकडच्या अशा नळांची तपासणी जाहीर केली. सेन्सरच्या नळांतल्या निम्म्या नमुन्यांत लिजिओनेला निघाला, साध्या नळांतल्या १५ टक्के नमुन्यांत. आतले झडपांचे गुंतागुंतीचे भाग आणि कमी वाहणारं पाणी ही कारणं त्यांनी मांडली आणि रुग्णांच्या भागातून ते नळ काढून टाकायचं ठरवलं. कोपरानं उघडायचा लांब दांड्याचा साधा नळ आपल्या जुन्या शस्त्रक्रियागृहांत असायचा. नव्या इमारतींत तो मागासलेला वाटू लागला आहे. माझ्या मते तो परत आणावा.

इथवर पाण्याच्या येण्याची वाट झाली. जाण्याची वाट तितकीच घातक आहे, आणि तिच्याकडे आपलं लक्ष आणखीच कमी. टोरोंटो जनरल हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात २००४ ते २००६ या काळात औषधांना न जुमानणारा स्युडोमोनास एकामागून एका रुग्णाला होत राहिला, एकूण ३६ जणांना. नळाच्या पाण्यात काही सापडेना. अखेर बेसिनच्या निचऱ्याच्या भोकात चमकणारा रंग टाकून नळ सोडला, तेव्हा दिसलं की शिंतोडे निदान एक मीटरपर्यंत उडतात. नळाची धार थेट भोकावर पडत होती आणि शेजारीच औषधं तयार करण्याचा कट्टा होता. बेसिनची रचना बदलली, धार बाजूला घेतली, मध्ये आडोसा घातला, आणि साथ थांबली.

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये याच्या पुढची गोष्ट दाखवली. त्यांनी प्रयोगशाळेत बेसिनांची रांगच उभारली आणि खालच्या वाकड्या पाइपात, ज्याला आपण ट्रॅप म्हणतो, हिरवे चमकणारे ई. कोलाय सोडले. खाद्य मिळालं की हे जंतू पाइपाच्या भिंतीवरून दिवसाला साधारण एक इंच वर चढत आले. आठवड्याभरात ते जाळीपाशी, आणि तिथून नळाच्या धारेनं बाहेर. आता आपल्या वॉर्डातल्या बेसिनात काय काय ओतलं जातं ते आठवा. उरलेला चहा, सलाइनच्या बाटलीतलं ग्लुकोज, बाळाचं उरलेलं दूध, सिरिंजमधली उरलेली अँटिबायोटिक. साखर आणि दूध जंतूंना पोसतं, आणि अँटिबायोटिकचा थेंब जे जंतू त्याला दाद देत नाहीत तेवढेच मागे ठेवतो. हे काम मुद्दाम वाईट कोणी करत नाही. वॉर्डात दुसरी मोरीच नसते, मग मावशी तरी काय करणार? हात धुण्याचं बेसिन फक्त हात धुण्यासाठी, आणि ओतण्यासाठी वेगळी जागा, ही सोय नकाशातच करावी लागते. नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या विद्यापीठ रुग्णालयानं तर आयसीयूतल्या रुग्णांच्या खोल्यांतून बेसिनंच काढून टाकली. रुग्णाचं सगळं काम ओली पुसणी, बाटलीबंद पाणी आणि हातांना अल्कोहोल रब यांवर आणलं, आणि तिथल्या ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे स्युडोमोनास-अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या गटातल्या, जंतूंचं प्रमाण घटलं. आपल्याकडे ते लगेच जमेल असं मला वाटत नाही. पण खाटेपासून हातभर अंतरावर बेसिन ही चैन आहे की धोका, हा प्रश्न वास्तुरचनाकारांनी विचारायलाच हवा.

लिजिओनेलाकडे वळते. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकी माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं आणि पाठोपाठ न्यूमोनियाची साथ आली. ३४ माणसं गेली. जंतू हाती लागला तो जानेवारी १९७७ मध्ये, जोसेफ मॅकडेड यांनी बाजूला ठेवलेल्या काचपट्ट्या पुन्हा चिकाटीनं तपासल्या म्हणून. १९८५ मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डमध्ये अगदी नव्या रुग्णालयात छतावरच्या कूलिंग टॉवरमुळे २८ जणांचा जीव गेला. हा जंतू साधारणपणे माणसाकडून माणसाला होत नाही. पाण्याच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे जातो.

त्याला आवडतं तापमान २० ते ४५ अंश सेल्सिअस. म्हणून ब्रिटनसारख्या पाश्चात्त्य देशांतला नियम असा की गार पाणी २० अंशांच्या खाली ठेवा आणि गरम पाणी ६० अंशांवर साठवा. यातला पहिला अर्धा भाग नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात कोणी पाळून दाखवावा. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं, आणि मुंबईत तर बाराही महिने ‘गार’ नळ २० अंशांच्या वरच असतो. सौर बंबाचं पाणी पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे जेमतेम कोमट राहतं. म्हणजे लिजिओनेलाला हवं ते तापमान आपण बिनखर्चाचं पुरवतो. तरी आपल्याकडे हा आजार फारसा नाही, असं डॉक्टर मंडळींत सर्रास म्हटलं जातं. रुग्णालयात झालेल्या किती न्यूमोनियांत आपण लघवीतून लिजिओनेला शोधणारी चाचणी करतो? आणि तीही मुख्यतः त्याच्या एकाच प्रकाराला पकडते. न शोधलेल्या आजाराला ‘नाही’ म्हणू नये.

थंडाव्याचा आधार आपल्याला नाही, म्हणून आपली भिस्त दोन गोष्टींवर. पाणी वाहतं ठेवणं, आणि शेवटच्या नळापर्यंत क्लोरिन पोचवणं. आयएस १०५०० नुसार नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरिन शिल्लक असावा. तो मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पाण्यात थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. आणि इथे मला आपल्याच ग्रामपंचायतींकडे बोट दाखवायचं आहे. महाराष्ट्राच्या खेड्यात पाण्यासाठी जलसुरक्षक नेमलेला असतो. क्लोरिनची टीसीएल पावडर कधी, किती टाकली याची जबाबदारी त्याच्याकडे असते. क्लोरिन तपासणारी ओटी टेस्ट करून नोंद ठेवायची असते, आणि पाणीपुरवठ्याच्या स्थितीवरून गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. ही व्यवस्था सगळीकडे सारखी चालते असं नाही, पण पाण्याबद्दल जाब विचारायचा झाला तर कोणाला विचारायचा हे गावात ठाऊक असतं. शहरातल्या २०० खाटांच्या रुग्णालयात विचारून पाहा. देखभाल विभाग टाकी धुणाऱ्या एजन्सीकडे बोट दाखवेल, एजन्सी टाकीवर रंगवलेली तारीख दाखवेल, सूक्ष्मजीवशास्त्र विभाग म्हणेल की आमच्याकडे आला तो नमुना आम्ही तपासला. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद पडलेल्या बाथरूमची लाइन अजून जिवंत आहे का, हे तिघांपैकी कोणालाच माहीत नसेल. प्लंबरला माहीत असेल, पण त्याला बैठकीला बोलावलेलं नसतं.

डायलिसिसबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तिथे पाणी रुग्णाच्या रक्ताच्या सर्वांत जवळ येतं. मिनिटाला ५०० मिलिलिटर या हिशेबानं चार तासांत १२० लिटर द्रव एका पातळ पडद्यापलीकडून रक्ताशेजारून वाहतो, आठवड्यातून बहुधा तीनदा. फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरातल्या डायलिसिस केंद्रात टँकरनं आलेलं, पूर्ण प्रक्रिया न झालेलं पाणी वापरलं गेलं. जलाशयात शेवाळासारखे निळे-हिरवे सूक्ष्मजीव माजले होते आणि त्यांचं विष पाण्यात उतरलं होतं. १०० रुग्णांची यकृतं निकामी झाली, त्यांपैकी ५२ मृत्यू त्या विषामुळे झाल्याचं ठरलं. हा संसर्ग नव्हता, विषबाधा होती, तरी मी हा प्रसंग इथे सांगते. कारण उन्हाळ्यात आपल्या कितीतरी तालुक्यांच्या ठिकाणी डायलिसिस केंद्रं टँकरवर चालतात. टँकर कोणत्या विहिरीवर भरला, हे रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला ठाऊक असतं का? आरओ यंत्र आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. यंत्राच्या पुढे पाइपांचं कडं असतं आणि तिथे क्लोरिन मुळीच नसतो, कारण तो काढूनच टाकावा लागतो. त्या कड्यात कुठे पाणी अडून राहिलं की थर साचलाच. म्हणून तिथलं पाणी मिलिलिटरमागे १०० जंतूंच्या आत ठेवायचं आणि ५० वर गेलं की हालचाल करायची, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

बेलफास्टनंतर ब्रिटननं प्रत्येक रुग्णालयात पाणी सुरक्षा गट असावा असं सांगितलं. त्यात सूक्ष्मजीवतज्ज्ञ, संसर्ग नियंत्रण परिचारिका, अभियंता आणि वॉर्डात काम करणारे, सगळे एका टेबलाशी. आपल्याकडे संसर्ग नियंत्रण समित्या आहेत. त्यांत प्लंबरला खुर्ची द्या, एवढी माझी मागणी आहे, आणि त्याच्या बोलण्याची इतिवृत्तात नोंद करा. एक माणूस नावानिशी पाण्यासाठी जबाबदार धरा. इमारतीतल्या पाइपांचा खरा नकाशा, जसा कागदावर होता तसा नव्हे, जसा भिंतीत आहे तसा, त्याच्याकडे असू द्या. न वापरलेले नळ ठरावीक दिवशी सोडायचं काम वॉर्डातल्या मामा-मावशींना वेळापत्रकात बसवून द्या, आणि जी लाइन लागतच नाही ती मुळापासून कापून टाका. नुसती तोटी काढून बूच मारलं तर मागच्या पाइपात पाणी मुरत राहतं. डायलिसिस, एनआयसीयू आणि केमोथेरपीचे विभाग असतील तिथे खर्च आधी करा. गरज पडली तर नळाला बारीक गाळणी बसवा, पण ती मुदतीत बदलण्याचं काम कोणाचं हे बसवायच्या आधी ठरवा.

आणि शेवटी नव्या इमारती. ग्लासगोचं क्वीन एलिझाबेथ विद्यापीठ रुग्णालय २०१५ मध्ये सुरू झालं. त्याच आवारातल्या मुलांच्या रुग्णालयातून २०१८ मध्ये कर्करोगाच्या मुलांचे वॉर्ड पाण्याच्या आणि निचऱ्याच्या शंकेवरून हलवावे लागले. पुढे सार्वजनिक चौकशी नेमली गेली. पाण्याच्या जोखमीचा अहवाल २०१५ मध्येच हाती आला होता, आणि त्यावर तेव्हा कार्यवाही झाली नाही, हे मागाहून उघड झालं. आपल्याकडे रुग्णालयाची इमारत बांधून तयार होते, पाइपांची गळती तपासायला त्यांत पाणी भरलं जातं, आणि मग उद्घाटनाच्या तारखेची वाट पाहत महिनोन् महिने ते पाणी तसंच उभं राहतं. अशा इमारतीत पहिला रुग्ण येण्याआधीच थर तयार असतो. इथे बसलेल्या पालिकेच्या आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांना माझी विनंती आहे की निविदेत एक अट घाला. इमारत ताब्यात घेण्यापूर्वी लाइन क्लोरिननं धुतली जावी, प्रत्येक मजल्यावरच्या सर्वांत टोकाच्या नळाच्या पहिल्या धारेचा नमुना तपासला जावा, उद्घाटन लांबलं तर तो पुन्हा तपासला जावा, आणि अहवाल समाधानकारक आल्याशिवाय ठेकेदाराचं अंतिम बिल निघू नये.